‘शेर्बूरच्या छत्र्या’: गाण्याआड युद्ध लपतं का?

निळी खिडकी:
जाक दमीच्या या १९६४ च्या फ्रेंच चित्रपटात एकही वाक्य नुसतं बोललेलं नाही, सगळं गायलेलं. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक गाडीची चौकशी करतं. तिथला मेकॅनिक, म्हणजे नायक गी, सांगतो, इंजिन थंड असताना थोडं वाजतं, काळजी नको. हेही सुरातच! नायिका झनविएव्हच्या आईच्या डोक्यावरचं देणं, गीला लष्कराचं बोलावणं, झनविएव्हचं गरोदरपण, संगीतकार मिशेल लग्राँने कशालाच वगळलं नाही. इतर संगीतपटांत व्यवहार आला की गाणं थांबतं. इथे व्यवहारच प्रेम मोडतो आणि गाणं चालू राहतं. मला भुरळ पडते ती याचीच.

श्रीरंग:
मला नाही पटलं. अर्ध्या तासात कान थकतात. सगळंच सुरात असल्यावर महत्त्वाचं कुठलं, हे कळणार कसं? आणि फ्रान्सविरुद्धचं अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध? गी तिकडे जातो, लंगडत परततो, आणि आपण बघतो काय, तर गुलाबी-हिरवे वॉलपेपर. एवढा रक्तपात विरहाचं निमित्त म्हणून वापरलेला मला खटकतो. शिवाय झनविएव्ह झालेल्या कातरीन दनवचा गाता आवाज तिचा नाहीच, तो गायिका दानिएल लिकारीचा.

मुलुंडकर:
आवाजाचं सोडा हो. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं!

निळी खिडकी:
श्रीरंग, शेर्बूर या फ्रेंच बंदरगावात मागे राहिलेल्यांना तरी युद्ध कुठे दिसत होतं? हाती यायची ती पत्रं, तीही क्वचित. पोटात मूल, गीची खबर नाही, आई मागे लागलेली, म्हणून झनविएव्ह रोलां कासार या श्रीमंत जवाहिऱ्याला लग्नासाठी होकार देते. त्या काळाचाही विचार करा. युद्ध संपलं १९६२ मध्ये. त्याच विषयावरच्या दिग्दर्शक गोदारच्या ‘ल पती सोल्दा’ या चित्रपटावर फ्रान्समध्ये १९६३ पर्यंत बंदी होती. पुढच्याच वर्षी दमीने सक्तीच्या लष्करभरतीने मोडलेलं घर रंगीत संगीतपटात आणलं आणि कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला.

श्रीरंग:
बंदीचा संदर्भ मोलाचा आहे. तरी शेवट घ्या. १९६३ चा डिसेंबर, बर्फ, गीचा पेट्रोल पंप. आपल्या मुलीला बघायचंय का, असं झनविएव्ह विचारते आणि तो नाही म्हणतो. एवढ्या कठोर नकारानंतर वाद्यवृंद उसळतो. तिथे मला शांतता हवी होती, विचार करायला.

निळी खिडकी:
सूर सर्वांत वर चढतो तो तिची गाडी निघाल्यावर, गीची बायको मादलेन त्यांच्या छोट्या मुलाला, फ्रांस्वाला घेऊन परतते तेव्हा. गी पोराशी बर्फात खेळायला लागतो. दमीने ती चाल गीच्या संसाराला दिली आहे, आणि मला हा निर्णय फार धीट वाटतो. तेवढा प्रसंग पुन्हा बघा, मग बोलू.