फुटबॉलपटूचा क्युरेटर होणे: नाइलाज की पसंती?

प्रश्न:
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील जुन्या फुटबॉलपटूंची (म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉल खेळणाऱ्यांची) चरित्रे वाचताना एक गोष्ट खटकते. सामने, गोल आणि दुखापती यांचा तपशील पानोपानी असतो. मात्र निवृत्तीनंतर खेळाडू मैदानाचा क्युरेटर, म्हणजे मैदान आणि खेळपट्टी राखणारा, झाला असेल, तर त्या साऱ्या वर्षांची बोळवण एका वाक्यात होते. नावाजलेल्या खेळाडूने रोलर फिरवण्याचे काम केवळ नाइलाजाने पत्करले, असे समजावे काय?

प्रतिसाद १:
त्या काळी फुटबॉलवर घर चालतच नव्हते. १९३० मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने ‘कोल्टर नियम’ करून सामन्यामागे जास्तीत जास्त तीन पौंड मानधनाची मर्यादा घातली. त्यामुळे प्रत्येकाला दुसरी नोकरी लागे आणि महामंदीत तर नोकरी मिळवून देऊ शकणारा क्लबच चांगले खेळाडू आपल्याकडे ओढू शके. मैदानावरील काम म्हणजे बारमाही पगार होता. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

प्रतिसाद २:
पगाराचा मुद्दा मान्य आहे, परंतु कामाचे स्वरूपही पाहावे. हिवाळ्यात अठरा-अठरा खेळाडूंचे दोन संघ ज्या मैदानाचा चिखल करतात, त्याच्याच मध्यभागी सप्टेंबरअखेर अंतिम सामना उरकताच क्रिकेटची खेळपट्टी उभी करायची असते. मेलबर्नमध्ये त्यासाठी मेरी क्रीक या ओढ्याकाठची काळी चिकणमाती वापरत. ती किती भिजवावी, केव्हा रोलरखाली घ्यावी आणि किती सुकू द्यावी, हे हातालाच कळावे लागते. त्या चिखलात स्वतः घसरलेल्या माणसाला मैदान कुठे तुंबते हे सांगावे लागत नसणार, असे मला वाटते.

या कामाची चर्चा होते ती बहुधा काही बिघडले तरच. जानेवारी १९५५ मधील मेलबर्न कसोटीत शनिवारी भेगाळलेली खेळपट्टी रविवारच्या विश्रांतीनंतर सोमवारी ओलसर दिसली. सामना चालू असताना पाणी घालण्यास मनाई असल्याने चौकशी झाली आणि पाणी घातल्याचा आरोप फेटाळण्यात आला. वाद मात्र मिटला नाही. पुढे १९९६ पासून तेथे बाहेर तयार करून आणलेल्या खेळपट्ट्या बसवू लागले आणि हिवाळा-उन्हाळ्याची ती जुनी ओढाताण बरीच सैल झाली.

प्रश्नकर्ता:
आभार. मग या वर्षांची माहिती शोधावी कुठे?

प्रतिसाद १:
फुटबॉल क्लबाऐवजी क्रिकेट क्लबाच्या वार्षिक अहवालांत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रेही आहेत. तेथे खेळाडूच्या नावासोबत ‘क्युरेटर’ हा शब्द घालून शोधा.