गॅसची टाकी आहे, भरायला पैसे नाहीत: ग्रामपंचायतीने यात पडावं का?

रानजाई
गरीब घरांना गॅसजोडणी देणारी केंद्राची उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि आमच्या वस्तीवर बहुतेक घरांत शेगडी पोचली. तरी तिन्हीसांजेला धूर आहेच. टाकी आणायची तर तिचे पूर्ण पैसे आधी हातात लागतात. अनुदानाचे केंद्राचे ३०० आणि राज्याच्या अन्नपूर्णा योजनेचे ५३० रुपये खात्यात येतात, पण नंतर. त्यातही अन्नपूर्णाचे वर्षाला तीनच टाक्यांना. रोजंदारीवर जाणारी बाई तेवढे एकरकमी कुठून काढणार? मग टाकी पाहुण्यांसाठी, नाहीतर पावसात सरपण भिजलं तर. ही मधली अडचण ग्रामपंचायत सोडवू शकते. पंचायतीच्या उत्पन्नातून महिला-बालकल्याणासाठी ठेवायच्या १० टक्के निधीतून बचत गटांच्या ग्रामसंघाला रक्कम द्यायची, ग्रामसंघाने टाकीपुरती उचल द्यायची, अनुदान जमा झालं की परत घ्यायची.

काळा_कातळ
माझा साफ विरोध. लहान गावाची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती, आणि तिचे १० टक्के किती? वित्त आयोगाचा बराच पैसा पाणी-स्वच्छतेला बांधलेला. उरल्यात रस्ता, गटार, शाळेची गळती. शिवाय उचल म्हटली की वसुली आली. सरपंचाच्या भावकीला आधी आणि विरोधी पॅनेलच्या घराला कधीच नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गॅसचा दर पंचायत ठरवत नाही. ज्यांनी अनुदान जाहीर केलं त्यांनी ते दारातच वजा करून टाकी द्यावी.

रानजाई
दारातच वजा व्हावं, हे शंभर टक्के मान्य. पण ते होईपर्यंत तिने डोळे चोळत फुंकणीच धरायची का? आणि पैसे वाटणार ग्रामसंघ, सरपंच नव्हे. बचत गटातल्या बाया एकमेकींची परतफेड बघतातच की.

चंद्रपूरकर
आमच्याकडे प्रश्न धुराच्याही पुढचा आहे. सरपणाला जंगलात गेलेल्या बाईवर वाघ झडप घालतो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यात, जन-वन विकास योजनेतून वनखात्याने गॅस दिले, चांगलं केलं. पण टाकी संपली की मोळीसाठी पुन्हा तीच वाट. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्यातून असं काही करायला ग्रामसभेने कचरू नये.

गोठेवाला
गॅसच्या मागे का लागता? दोन घनमीटरच्या गोबरगॅसवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो, उरलेला शेणकाला (स्लरी) शेताला.

काळा_कातळ
त्याला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. ज्या घराबद्दल बोलतोय तिथे दावणीला एक शेळी आहे. गोबरगॅस गोठेवाल्यांची सोय आहे, भूमिहीनांची नाही.

पंचायतीने करण्यासारखं एक काम मला दिसतं. गॅसची गाडी फाट्यावर थांबते आणि तिथून बाई टाकी डोक्यावर आणते. एजन्सीला पत्र देऊन गाडीचा वार ठरवा, ती वस्तीपर्यंत आणा. साठा मात्र करू नका. परवान्याशिवाय १०० किलोच ठेवता येतो, म्हणजे जेमतेम सात टाक्या.

रानजाई
गाडीचा वार ठरावात घेते, पण उचलीचा मुद्दा सोडत नाही. गाडी दारात आली आणि हातात पैसे नसले तर ती तशीच पुढे जाणार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही मांडणार आहे. कुणाच्या गावात १० टक्के निधी ग्रामसंघाकडे देण्याचा ठराव झाला असेल, तर त्याची भाषा इथे टाका. लेखापरीक्षणात आक्षेप आला असेल तर तोही सांगा.