दहा हजार वेळा करून पाहिलं, तरी सिद्धता हवीच का?

चौकस

तीन दारांचं कोडं बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. एका दारामागे गाडी, उरलेल्या दोन्हींमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. गाडी कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोनांपैकी बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? बदलली तर जिंकण्याची शक्यता २/३, न बदलली तर १/३. पहिल्यांदा ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "दोनच दारं उरली, म्हणजे निम्मी-निम्मी."

१९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'परेड' मासिकातल्या आपल्या सदरात २/३ हे उत्तर दिलं, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यातली हजारेक पीएचडीधारकांची. बहुतेकांनी बाईंनाच चूक ठरवलं. युक्तिवाद करून कुणाचं समाधान होईना, तेव्हा त्यांनी शाळांमधल्या गणिताच्या वर्गांना हा खेळ प्रत्यक्ष खेळून बघायला सांगितलं, आणि मग मात्र मुलांची-शिक्षकांची पत्रं आली की हो, बदलणारेच जास्त जिंकतात. पॉल एर्डॉश यांच्यासारखा विसाव्या शतकातला अग्रगण्य गणितीही आधी मानायला तयार नव्हता. त्यांचे मित्र वाझोनी यांनी संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवला, तेव्हा कुठे ते राजी झाले.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की गणिताच्या अशा चर्चेत 'करून बघा' हे पहिलं आणि बहुतेक वेळा पुरेसं उत्तर आहे. कुणी म्हणालं "मी दहा हजार वेळा चालवून पाहिलं", की लगेच कुणीतरी येऊन म्हणतं, "ही सिद्धता नव्हे." अशाने प्रश्नाला हात घालायला निघालेला माणूस गप्प बसतो. शब्दांचा युक्तिवाद फसवा असू शकतो. त्या हजार पीएचडीवाल्यांकडेही युक्तिवाद होताच की!

समीकरण

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून. एर्डॉश संगणकापुढे नाइलाजाने राजी झाले, पण 'असं का' हे अजून कळलेलं नाही, अशी त्यांची तक्रार कायम होती. वाझोनींनीच हे नंतर सांगितलं आहे. पुढे रॉन ग्रॅहम यांनी कारण समजावून दिलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. म्हणजे आकड्यांनी फक्त तोंड बंद झालं.

आता 'करून बघा' किती दगा देतं ते बघा. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेषेने जोडा, आणि आतले भाग मोजा (तीन रेषा एका जागी छेदणार नाहीत अशा बेताने). एका बिंदूला १ भाग, दोनांना २, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहांना किती? कागद घेऊन काढा. ३१ येतात.

दुसरं. n² + n + ४१ मध्ये ० पासून पुढच्या संख्या घालत जा. ४१, ४३, ४७, ५३... दर वेळी मूळ संख्याच मिळते, थेट n = ३९ पर्यंत. चाळीस वेळा सलग! n = ४० ला मिळतं १६८१, म्हणजे ४१ × ४१.

आणि चाळीस थोडे वाटत असतील तर पोल्याचं अनुमान (खरं वाटणारं, पण सिद्ध न झालेलं विधान) घ्या, १९१९ सालचं. १ पासून पुढे कुठल्याही संख्येपर्यंत मोजलं, तरी ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे (तोच अवयव पुन्हा आला तर तोही पुन्हा मोजून) अशा संख्या निम्म्याहून कमी भरणार नाहीत, असं ते म्हणतं. ते खोटं आहे हे हेझलग्रोव्ह यांनी १९५८ मध्ये दाखवलं. पहिल्यांदा ते कुठे मोडतं? ९०,६१,५०,२५७ ला. दहा हजार सोडा, नव्वद कोटी वेळा करून पाहिलं असतं तरी तुम्ही 'पुरेसं' म्हणून उठला असता.

चौकस

ही सगळी उदाहरणं अनंतापर्यंतच्या दाव्यांची आहेत, 'प्रत्येक n साठी' या जातीची. माझा मुद्दा शक्यतेचा होता आणि तिथे परिस्थिती अगदी वेगळी आहे. दहा हजार फेऱ्यांत खरी शक्यता २/३ असेल तर सुमारे ६६६७ विजय अपेक्षित, आणि प्रमाण विचलन, म्हणजे अपेक्षित आकड्यापासून योगायोगाने साधारण पडणारा फरक, येतं जेमतेम ४७. निम्मी-निम्मी म्हणणाऱ्याला ५००० हवेत. फरक १६६७ चा, म्हणजे विचलनाच्या ३५ पट. इतकं अंतर योगायोगाने पडेल असं कुणी मानत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय हा हिशोब हातात असताना 'फक्त करून पाहिलं' असं तरी कसं म्हणायचं? किती खात्री आहे, हे मी आकड्यात सांगू शकतो. शब्दांनी वाद घालणाऱ्या किती जणांना हे जमतं?

तळटीप

३५ पट हे मान्य. पण ती खात्री कशाची? तुम्ही जो प्रोग्रॅम लिहिला, त्याच्या उत्तराची. कोड्याच्या उत्तराची नव्हे.

या कोड्यात सगळं अवलंबून आहे सूत्रसंचालक कसा वागतो त्यावर. समजा गाडी कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नाही, त्याने उरलेल्या दोनांपैकी कुठलंही एक दार उघडलं आणि योगायोगाने बकरी निघाली. आता मोजा. तुम्ही पहिलं दार धरलं आहे. गाडी १, २ किंवा ३ मध्ये आणि तो उघडतो २ किंवा ३, अशा सहा सारख्या शक्यता. गाडी २ मध्ये असताना तो २ उघडतो ती एक आणि ३ मध्ये असताना ३ उघडतो ती एक, या दोन बाद, कारण तिथे गाडीच दिसली असती. राहिल्या चार. त्यातल्या दोनांत गाडी तुमच्याच दारामागे, दोनांत दुसऱ्या. म्हणजे खरोखरच निम्मी-निम्मी!

उघडलेलं दार तेच, समोर बकरी तीच, तरी उत्तर बदललं. दोन जण दोन वेगळे प्रोग्रॅम लिहितील, दोघंही दहा हजार फेऱ्या चालवतील, एकाला २/३ मिळेल, दुसऱ्याला १/२, आणि दोघंही "मी करून पाहिलं" म्हणून रात्रभर भांडतील. अशा भांडणात फेऱ्या लाखावर नेऊन काय साधणार? प्रश्न विचारताना काय गृहीत धरलं हे कुणीतरी बसून शब्दांतच उलगडावं लागतं. चौकस, तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला 'माहीत असलेला' हे दोन शब्द लिहिलेत म्हणून तुमचं उत्तर बरोबर आहे. बहुतेक जण कोडं सांगताना नेमके हेच दोन शब्द गाळतात.

ध्रुवतारा

मला गणितवाल्यांचा हा सूर खटकतो. विज्ञानात तर सिद्धता नावाची चीजच नाही. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम कुणी 'सिद्ध' केला? निरीक्षणं जुळत गेली, विश्वास बसत गेला. विज्ञानाला जे पुरतं ते गणिताच्या गप्पांना पुरू नये?

समीकरण

न्यूटनचंच उदाहरण घेऊ. बुधाची कक्षा हळूहळू फिरते आणि त्या फिरण्यात न्यूटनच्या हिशोबाने न बसणारी बाकी उरते, हे खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवलं. आजच्या आकड्यांत ती बाकी शतकाला ४३ विकला, म्हणजे अंशाच्या ऐंशीव्या भागाहूनही थोडी कमी. तेवढ्यासाठी सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल असं मानून त्याचा शोधही झाला. अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सामान्य सापेक्षतेतून ती बाकी बरोबर निघाली. दोनशे वर्षं जुळत आलेला नियम एवढ्याशा फरकाने अपुरा ठरला. विज्ञानाला दुसरा मार्ग नाही म्हणून ते निरीक्षणांवर चालतं, आणि आपले निष्कर्ष बदलू शकतात हे ते उघडपणे मान्य करतं. गणितात दुसरा मार्ग आहे. तो असताना का सोडायचा?

पाऊणशून्य

०.९९९... हा प्रश्न अजून कसा आला नाही याचं आश्चर्य वाटतं. न संपणारे नऊ लिहिले तर ती संख्या १ च असते की १ हून जराशी कमी?

इथे 'करून बघा' नुसतं अपुरं नाही, ते उलट्या दिशेला नेतं. ०.९ एकापेक्षा कमी. ०.९९ कमी. ०.९९९ कमी. दहा लाख नऊ लिहा, तरी कमीच. पोल्याच्या अनुमानात निदान पुढे कुठेतरी संख्या सापडते. इथे कितीही पुढे जा, प्रत्येक चाचणी 'कमी' असंच सांगणार, एकही अपवाद नाही. आणि तरी उत्तर आहे: बरोबर १.

कारण असं. समजा ०.९९९... ही १ पेक्षा कमी आहे. मग दोघांत काहीतरी अंतर असलं पाहिजे. ते कितीही लहान सांगा, एक कोटीचा भाग म्हणा. नऊ हा अंक आठ वेळा लिहिला की १ पर्यंतचं अंतर दहा कोटीच्या भागावर येतं, म्हणजे तुम्ही सांगितलेल्यापेक्षा कमी. आणि न संपणारे नऊ असलेली संख्या त्या आठच वेळा नऊ असलेल्या संख्येहून मागे असूच शकत नाही. जे अंतर सांगाल त्याला हेच लागू. मग अंतर शून्याखेरीज काही उरत नाही.

या प्रश्नावर लोक इतके तावातावाने का भांडतात? कारण प्रत्येकाने मनात नऊ लिहून पाहिलेले असतात, आणि ते कुठेतरी थांबतात. कॅल्क्युलेटरही थांबतोच.

चौकस

पाऊणशून्य, प्रतिसाद आवडला, पण दाखवण्याची पद्धत बघा: अंतर १/१०, मग १/१००, मग १/१०००. ही कल्पना नऊ लिहून बघितल्याशिवाय सुचली असती? मोजणीकडे सगळे फसवी म्हणून बोट दाखवताहेत, म्हणून तिची दुसरी बाजू मांडतो.

१७६९ मध्ये ऑयलर यांनी अनुमान मांडलं की पाचवा घात हवा असेल तर किमान पाच पाचव्या घातांची बेरीज लागेल, चारांत भागणार नाही. भल्याभल्यांना ते सिद्धही करता आलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणक लावून शोधलं आणि दोन वाक्यांचा शोधनिबंध लिहिला:

२७⁵ + ८४⁵ + ११०⁵ + १३३⁵ = १४४⁵

दोन्ही बाजू ६१,९१,७३,६४,२२४. कुणीही कागदावर ताडून बघू शकतो. १९७ वर्षं युक्तिवादाला जे जमलं नाही, ते एका मोजणीने केलं. आणि १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचा सिद्धांत (कुठलाही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येत नाही) सिद्ध केला, तोही हजाराहून जास्त तास संगणक चालवून. मग तिथे 'करून पाहिलं' कसं चालतं?

तळटीप

चार रंगांच्या बाबतीत आधी हाताने दाखवलं होतं की एवढे ठरावीक आकार तपासले की कुठलाही नकाशा तपासणीतून निसटणार नाही. संगणकाने ते सगळे तपासले, त्यातले काही निवडून नव्हे. तरीसुद्धा अनेक गणिती वर्षानुवर्षं नाराज होते, आणि २००५ मध्ये गोंतिए यांनी ती सिद्धता यंत्राकडून एकेक पायरी तपासून घेतली. ऑयलरच्या उदाहरणाबद्दल मात्र पूर्ण सहमत. खोडून काढायला एकच उदाहरण पुरतं आणि ते शोधण्यात मोजणीचा हात कुणी धरू शकत नाही.

ध्रुवतारा

मग गोल्डबाखचं काय? २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालं आहे. मला विचाराल तर ते खरं आहे. कुणी पैज लावत असेल तर मी तयार आहे.

समीकरण

पैज मीही त्याच बाजूने लावेन. 'मला खात्री वाटते' म्हणायला कुणाची हरकत नाही. 'आता प्रश्न संपला' म्हणू नका, इतकंच.

चौकस

प्रश्न संपला असं मी म्हणत नाही. पण 'ही सिद्धता नव्हे' एवढं एक वाक्य टाकून निघून जाणाऱ्यांपेक्षा दहा हजार फेऱ्या चालवणारा माणूस प्रश्नाच्या जास्त जवळ असतो, या मतावर मी ठाम आहे. आणि समीकरण, तुम्हीही तेच केलंत की. ३१ हा आकडा टाकलात आणि पुढे गेलात. ३२ का नाही, ते सांगा ना.

समीकरण

रास्त मागणी. सांगतो.

रेषा एकेक करून काढा. प्रत्येक नवी रेषा वर्तुळात आली की एक भाग वाढतो, आणि वाटेत जितक्या जुन्या रेषांना छेदते तितके आणखी भाग वाढतात. म्हणजे एकूण भाग = १ + रेषा + छेदनबिंदू. रेषा म्हणजे बिंदूंच्या जोड्या. छेदनबिंदू मोजायला एक गोष्ट लक्षात घ्या: परिघावरचे कुठलेही चार बिंदू घेतले तर त्यांच्या चौकोनाचे दोन कर्ण आत नेमके एकदा छेदतात. म्हणून जितक्या चौकड्या, तितके छेद. सहा बिंदूंना १५ जोड्या आणि १५ चौकड्या: १ + १५ + १५ = ३१.

दुप्पट होण्याचा भास पाचपर्यंतच टिकतो, कारण दुप्पट होत राहायला पुढे सहा-सहा, आठ-आठ बिंदूंच्या गटांचाही वाटा लागला असता, आणि दोन रेषांच्या छेदात चारपेक्षा जास्त बिंदू येतच नाहीत. सात बिंदूंना १ + २१ + ३५ = ५७ येतात, ६४ नाही. आणि दहा बिंदू घेतले तर १ + ४५ + २१० = २५६, म्हणजे पुन्हा दोनाचा घात! नुसती मोजत बसलेली व्यक्ती इथे काय समजेल, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.