'गल्च'ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरी : कोलोरॅडोतील क्रिपल क्रीक या सोन्याच्या खाणींच्या डोंगराळ टापूच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवरील लेख मी मराठीत आणत आहे. पाइक्स पीक भागाचा व्हिटमन क्रॉस यांचा भूशास्त्रीय नकाशासंच १८९४ साली निघाला, तर लिंडग्रेन व रॅन्सम यांचा अहवाल १९०६ साली. या नकाशांवर जागोजागी 'गल्च', म्हणजे पाण्याच्या वाटेने डोंगरउतारावर कोरलेले अरुंद खोलगट भाग, आहेत. मी 'घळ' लिहिले, संपादकांनी 'दरी' केले. बॉब वोमॅक यांना १८९० साली सोने मिळाले ते 'पॉव्हर्टी दरी'त असे म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर खंडाळ्याचा कडा उभा राहतो.

घाटवाट : दरी नकोच, पण घळही नको. शिवथरघळ पाहिलेल्याला घळ म्हणजे कपारच वाटणार. आम्ही डोंगर चढणारे अशा जागेला 'नाळ' म्हणतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्यातलीच.

शब्दनिष्ठ : नळीच्या वाटेची चढण छातीवर येते, आणि वोमॅक तर गुरे राखणारा माणूस, तिथले उतार चराऊ आहेत. पाठ्यपुस्तकांतील 'घळई' हा शब्द प्रमाण असताना बोलीत कशाला शिरायचे?

तांबडमाती : घळईला उभ्या भिंती लागतात. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात वाहणारा आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा तो 'व्हाळ', पाणी असो वा नसो. क्रिपल क्रीकचे सोने मुख्यतः खडकातील शिरांत टेल्युराइडच्या (टेल्युरियम या मूलद्रव्याशी जोडलेल्या खनिजाच्या) रूपात होते. व्हाळात सापडणारा सुटा दगड ही वरच्या शिरेची खूण असे. म्हणून शब्द पाण्याच्या वाटेचाच हवा.

शब्दनिष्ठ : व्हाळ पुण्यापुढे कोणाला कळणार? उद्या नकाशावरील समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या 'समोच्च रेषा' सोडून 'कंटूर' लिहाल.

पाणलोट : समोच्च तरी कोण म्हणतो? पाणी अडवायला गावोगावी उतारावर समान उंचीने सलग समतल चर खणले गेले, त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी 'समतल' आहे.

शब्दनिष्ठ : समतल म्हणजे सपाट. नकाशावरील रेषा समान उंचीची असते, सपाटीची नव्हे.

पाणलोट : चराचा तळ सपाट धरला, तरच पाणी एका जागी थांबते, शब्द तिथूनच आला आहे.

भाषांतरी : मूळ प्रश्न गल्चचा होता. नकाशावर या समान उंचीच्या रेषांचे टोक चढाकडे वळले की गल्च आणि उताराकडे वळले की डोंगराची सोंड. 'सोंड' संपादकांनी विनातक्रार ठेवली आहे.

शब्दनिष्ठ : सोंडेलाही प्रमाण शब्द आहे, मात्र त्यासाठी वेगळा धागा काढावा.