शहर वसवणारा आफ्रिकी होता, हे फलकावर ठळक लिहायला हवं की नको?

भडकलकर:
१६१० च्या सुमारास खडकी या खेड्याच्या जागी मलिक अंबरने अहमदनगरच्या निजामशाहीची राजधानी उभी केली. पुढे फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. नावांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो, पण शहर वसवणारा इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला आणि बगदादहून दख्खनेत आला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याला विकत घेणारा चंगेजखान, निजामशाहीचा पेशवा, तोही हबशीच, म्हणजे मूळचा आफ्रिकीच. माझं म्हणणं, त्याने बांधलेल्या भडकल गेटवर आणि खुलताबादला त्याच्या कबरीजवळ हे मराठीत ठळक लिहा, असं निवेदन देऊ या.

नहरवाला:
माझा विरोध. आधी नहर-ए-अंबरी, म्हणजे अंबरची पाणीयोजना, वाचवा. उत्तरेच्या डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि मातीच्या नळांतून निव्वळ उताराच्या जोरावर त्याने शहरात आणलं. आज त्यावर बांधकामं होतात, सांडपाणी आत शिरतं. फलकाचं उद्घाटन झालं की सगळे घरी जातात.

पैठणचा वाचक:
मला जन्माचा मुद्दाच पटत नाही. अहमदनगरजवळच्या भातवडीला १६२४ मध्ये त्याने तळ्याचं पाणी मोगल आणि आदिलशाही छावणीवर सोडलं, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. तो दख्खनचा झाला होता. आज त्याला आफ्रिकी म्हणून वेगळं काढायचं कशाला? आणि गुलामीतून वर आलेला नायक एवढंच सांगाल, तर त्याच्या फौजेतल्या विकत घेतलेल्या हबशी गुलामांचं काय?

भडकलकर:
वेगळं त्याच्या शत्रूंनी काढलं होतं. जहांगीर आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. अबुल हसनच्या चित्रात बादशहा भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. ते मुंडकं मोगलांना कधीच मिळालं नाही; अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. रंगावरून हिणवलेलं नोंदवलं जातं आणि त्याच माणसाने शहर वसवलं हे सांगताना मात्र जन्म गाळायचा, हे मला मान्य नाही. गुलामांच्या खरेदीचंही लिहा. दडवायचं काहीच नको.

सिल्लोडची ताई:
भडकलकरांना माझा पाठिंबा. सिद्दी म्हटलं की आमच्या वर्गातल्या मुलांना जंजिराच आठवतो, म्हणजे फक्त शत्रू. भातवडीचं सांगितलं तेव्हा पोरं गप्प ऐकत होती. एकीने विचारलं, मग त्याची माणसं आता कुठे राहतात?

नहरवाला:
ताई, त्या मुलांना एकदा नहरीचं मॅनहोल दाखवायला न्या. बोगद्यात पाणी वाहतंय तोवरच दाखवता येईल. फलकाच्या निवेदनावर मी सही करणार नाही. त्यात नहरीच्या दुरुस्तीची मागणी पहिल्या ओळीत घातलीत, तर करीन.