अनुभव धागा : गाडी सुरू होत नव्हती, तेव्हा दोष नेमका कुठे सापडला?

मागच्या जानेवारीत आमच्या नऊ वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीने किल्ली फिरवताच एकदाच ‘टक्’ असा आवाज केला आणि ती गप्प झाली. बॅटरी बसली असणार, असे गृहीत धरून मी नवी बॅटरी बसवून घेतली. चौथ्या दिवशी पुन्हा तोच ‘टक्’. मग मात्र वायरमनला बोलावले. त्याने मल्टिमीटर लावला, तर बॅटरीवर 12.6 व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. त्यानंतर त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून मला सेल्फ मारायला सांगितले; जिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे, तिथे तीनच्या वर आकडा गेला, म्हणजे बॅटरी आणि इंजिन यांच्यातल्या जोडणीतच वीज अडत होती. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी गंजून गेली होती. त्याने ती काढली, सँडपेपरने घासली, घट्ट आवळली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. जुनी बॅटरी मी तोवर बदल्यात देऊन बसलो होतो.

आपणही आपले अनुभव लिहावेत. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू आले, ते मात्र आधी सांगावे. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

ठाणे : माझ्या गाडीचा सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. गाडी कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. सीएनजीची टाकी भरलेली असल्यामुळे इंधनाची शंकाच आली नाही. अशा बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात, हे ठाऊक असूनही पेट्रोलचा लुकलुकणारा दिवा मी काही आठवडे बघून न बघितल्यासारखा केला होता. शेजारच्या काकांनी बाटलीतून आणलेल्या दोन लिटरवर काम भागले.

चिपळूण : उंदीर. पावसाळ्यात दोनदा. दोन्ही वेळा इंजेक्टरची वायर कुरतडलेली.

मुंबई : 26 जुलै 2005 रोजी कलिन्याजवळ पाण्यात गाडी बंद पडली आणि मी घाबरून तीन-चार वेळा सेल्फ मारला. तीच चूक महागात पडली. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती बंद पडलेली गाडी टोचन लावून नेता आली असती, फिल्टर आणि ऑइल बदलून कदाचित वाचलीही असती. मला मात्र इंजिन उघडावे लागले. विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, हेही तेव्हाच समजले; आता त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

नाशिक : आमच्या नव्या गाडीत बटण दाबले, तरी काहीच होत नव्हते, टकटकही नाही. दिवे प्रखर, हॉर्न खणखणीत. क्लच पूर्ण दाबल्याखेरीज ती सुरू होत नाही, आणि आदल्या दिवशी मीच हौसेने घातलेले जाड पायपुसणे पेडलखाली दुमडले होते. मेकॅनिकने ते बाहेर ओढले, माझ्या हातात दिले आणि पैसे घेतले नाहीत.