मदत हवी आहे : ‘जहाल’ लिहू का?

थॅडियस स्टीव्हन्सवर (१७९२–१८६८) छोटं टिपण लिहितेय. पेनसिल्व्हेनियातला वकील, १८२१ मध्ये एका गुलाममालकाचा खटला लढवून जिंकला, आणि हाच माणूस पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गुलामगिरीचा कट्टर वैरी, मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा पाठीराखा! आमदार, खासदार हे शब्द खपून गेले. गाडी अडलीय त्याच्या गटापाशी : ‘रॅडिकल रिपब्लिकन’, म्हणजे रिपब्लिकन पक्षातला, गुलामगिरी मुळापासून संपवा म्हणणारा गट. ‘जहाल’ लिहिलं की डोळ्यांपुढे थेट टिळक उभे राहतात; ‘मूलगामी’ अचूक, पण कोरडं; ‘क्रांतिकारी’ तर चुकीचंच. शब्दकोश चाळून झाले. वाचक नववी-दहावीचे, त्यामुळे तळटीप नको. ‘जहाल’च ठेवून लगेच पुढच्या वाक्यात अर्थ उलगडला तर चालेल, की याहून नेमका शब्द सुचतोय कुणाला?